देवडीचं मशीन : प्रकल्प नोंदी

१४ जून २०२५, शनिवार

सकाळी साडेनऊला मामांचा फोन. "अरे, ताईंच्या मशीनवरचे सगळे फोल्डर बाणवाले झालेत, ये जरा." मी नाशिकच्या शरणपूर रोडला त्यांच्या कर सल्लागाराच्या ऑफिसात पोहोचेपर्यंत दुसऱ्या मशीनवरही तेच झालं होतं. तिथे काम करणाऱ्या ताईंनी तोच पेनड्राइव्ह "इथे तरी उघडतोय का बघू" म्हणून तिथेही लावला होता.

प्रकार जुनाच. पेनड्राइव्हवरचे खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर मांडायचे. आपण 'बिले २४-२५'वर डबल क्लिक करतो, फोल्डर उघडतोही, म्हणून शंका येत नाही. तेवढ्यात मागची स्क्रिप्ट आपलं काम उरकून गेलेली असते. मग त्या मशीनला लागेल त्या पेनड्राइव्हची तीच गत. लपलेले फोल्डर वर काढायला दोन मिनिटं लागली. दोन मशीनं पुसून विंडोज परत टाकेपर्यंत संध्याकाळ झाली. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप मामा रोज बाहेरच्या डिस्कवर घेतात आणि डिस्क घरी नेतात. या सवयीवरून त्यांची थट्टा करणारा मीच होतो.

पेनड्राइव्ह आणणारी पार्टी दिंडोरीकडची, द्राक्षबागायतदार. त्यांना काय कल्पना. झेरॉक्सच्या दुकानात कुठेतरी लावला असणार. ताईंनाही बोल लावता येत नाही. कर सल्लागाराच्या ऑफिसात "अनोळखी फाइल उघडू नका" असं सांगणं म्हणजे एसटीच्या कंडक्टरला अनोळखी माणसाकडून पैसे घेऊ नका म्हणण्यासारखं आहे. अनोळखी फाइली उघडण्याचाच तर ताईंना पगार मिळतो.

खटकलं ते वेगळंच. ज्या मशीनला तो पेनड्राइव्ह लागला त्यावरच साठेक पार्ट्यांचा टॅलीचा डेटा होता, करखात्याच्या पोर्टलच्या पासवर्डांची एक्सेल शीट होती, आणि मागच्या पोर्टला मामांच्या डिजिटल सहीचं टोकन (यूएसबीची काडी) दिवसभर टोचलेलं होतं. अँटीव्हायरस चालू होता. त्याने हा प्राणी ओळखला, पण दुपारी, नवीन अपडेट आल्यावर.

१५ जून, रविवार

घरी बसून कागदावर मांडलं. गोची अशी की कॉम्प्युटरवर ताईंच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ताईंच्या सगळ्या फाइली वाचू शकतो. पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला टॅलीच्या फोल्डरशी काही देणंघेणं नाही, पण त्याला तिथे जाण्यापासून कोणी अडवतही नाही. एकदा आत आलेला माणूस घरभर फिरू शकतो.

यावर क्यूब्स ओएस नावाच्या ऑपरेटिंग सिस्टमचा तोडगा मला बरीच वर्षं माहीत आहे, माझ्या लॅपटॉपवर दोनदा घालून काढूनही टाकलाय. कल्पना अशी : एका कॉम्प्युटरवर एकच सिस्टम चालवण्याऐवजी अनेक छोट्या व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतले सोंगाचे कॉम्प्युटर) चालवायच्या, प्रत्येक कामाला वेगळी. बँकेची वेगळी, ईमेलची वेगळी, अनोळखी फाइलींची वेगळी. एकीत घाण शिरली तरी ती तिच्याच चार भिंतींत. खाली झेन नावाचा हायपरवायझर असतो, तो या भिंती सांभाळतो. केंब्रिज विद्यापीठातलं हे काम २००३ मध्ये बाहेर आलं. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली तीही झेनवरच.

क्यूब्स सुरू करणारी बाई योआना रुत्कोव्स्का, पोलंडची. २००६ मध्ये तिने 'ब्लू पिल' दाखवलं होतं : चालू असलेल्या विंडोजला कळूही न देता तिच्या खाली व्हर्च्युअल मशीनचा थर सरकवायचा आणि वरून सगळं पाहत बसायचं. चार वर्षांनी, २०१० मध्ये, त्याच बाईने क्यूब्स जाहीर केलं, १.० आवृत्ती २०१२ ची. घरफोडीचं प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यानेच पुढे कुलपांचा कारखाना काढावा तसं.

मामांना समजावायला मला वाडाच आठवला. तिवंध्याजवळचा आजीचा वाडा आता पाडलाय, पण मामा तिथेच वाढले. दिंडीतून आत आलं की देवडी. पोस्टमन, बोहारीण, वर्गणीवाले देवडीतच थांबायचे. ओळखीचे ओसरीवर, नातेवाईक माजघरात. देवघरात आजी आणि आजीच. फोनवर सांगितलं, मामा म्हणाले, "म्हणजे आपल्या ऑफिसात पोस्टमन थेट देवघरात येतो म्हण की."

२१ जून, शनिवार

पाच मशीनं ऑफिसात. पाचही क्यूब्सवर न्यायची नाहीत. टॅली, सहीचं टोकन, त्याचं सही करणारं सॉफ्टवेअर, सगळं विंडोजचं. क्यूब्समध्ये विंडोजची व्हीएम चालते, पण साधारण ८ जीबी रॅमवर तो खेळ करून रिटर्नच्या दिवसांत ताईंच्या शिव्या खायची माझी तयारी नाही.

त्यामुळे एकच मशीन : देवडी. बाहेरून येणारी प्रत्येक फाइल आधी तिथे उतरेल, तिथून निवडून, धुऊन आत जाईल. मशीनही सापडलं. कोपऱ्यातला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय आणि या प्रोसेसरला विंडोज ११ चालत नाही, म्हणून मामा तो भंगारात काढणार होते. त्याला ८ जीबीची आणखी एक पट्टी घातली, एकूण १६. क्यूब्सची शिफारस तेवढीच आहे. सहावर सुरू होतं म्हणतात, पण तो उपास करण्यात अर्थ नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशनचे दोन्ही पर्याय बंद होते, ते चालू केले. एक प्रोसेसरला व्हीएम चालवू देतो, दुसरा नेटवर्क कार्ड, यूएसबी अशी उपकरणं एखाद्या व्हीएमच्या ताब्यात देऊन तिथेच कोंडतो. दुसरा नसेल तर क्यूब्सचा अर्धा जीव जातो.

२२ जून, रविवार

क्यूब्स ४.२ घातलं. तासाभरात उभं राहिलं. नंतरचे चार तास माझ्या आगाऊपणाचे.

क्यूब्समध्ये सगळ्या यूएसबी पोर्टांसाठी एक स्वतंत्र व्हीएम ठेवता येते. पेनड्राइव्ह लागला की मुख्य सिस्टमला तो दिसत नाही, आधी त्या व्हीएमला दिसतो. आपल्याला हेच हवंय, कारण पेनड्राइव्ह म्हणून आलेली वस्तू पेनड्राइव्हच असेल याची खात्री नसते. २०१४ मध्ये कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ब्लॅक हॅट परिषदेत दाखवलं होतं की यूएसबीच्या आतलं फर्मवेअर (ती चालवणारा छोटा प्रोग्रॅम) बदललं की तीच काडी 'मी कीबोर्ड आहे' म्हणून ओळख सांगते आणि स्वतःच कमांड टाइप करते. अँटीव्हायरस बिचारा फाइली तपासत बसतो.

तर मी हौसेने सगळी यूएसबी बूट होतानाच लपवून टाकली. मशीन रीस्टार्ट केलं. डिस्कचा पासवर्ड मागितला. कीबोर्डही यूएसबीचाच! टाइप करतोय, एक अक्षर उमटत नाही. देवडीला कुलूप घालून किल्ली आत.

बूटच्या यादीत मात्र कीबोर्ड चालतो. तिथे ती यूएसबी लपवणारी सूचना खोडून एकदापुरता आत शिरलो. पण रोज हे कोण करणार? यूएसबी कीबोर्डला कायमची परवानगी देता येते, पण मग कीबोर्डचं सोंग घेऊन येणाऱ्या काडीलाही दार उघडंच. मशीनच्या पाठीमागे पीएस-टूचं जांभळं भोक दिसलं. तो कीबोर्ड यूएसबीच्या वाटेने जात नाही. आता असा कीबोर्ड आणायचा कुठून?

२३ जून, सोमवार

ताईंनी माळ्यावरून काढून दिला. टीव्हीएस गोल्ड, गोल पिनवाला, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, 'एंटर'वरचं अक्षर पुसलेलं. मामांच्या टायपिंगच्या दिवसांतला. धूळ झटकली, लावला, टक्-टक्-टक्, पासवर्ड गेला. ताई म्हणाल्या, "हा माझ्याकडे दे आणि तो गुळगुळीत तू घे." दिला नाही.

२८ जून, शनिवार

खोल्या पाडल्या. क्यूब्समध्ये व्हीएमची नावं रोमी अक्षरांतच द्यावी लागतात, देवनागरी घेत नाही. तरी नावं आपलीच.

'देवडी' ही टाकाऊ व्हीएम. क्यूब्समध्ये अशी खोली मागितली की दहा-पंधरा सेकंदांत कोरी करकरीत उभी राहते, आणि खिडकी बंद केली की खोलीच नाहीशी होते, आतल्या घाणीसकट. तिला इंटरनेट नाही. लाल चौकट. 'ओसरी' पिवळी, तिथे धुतलेल्या फाइली जमतील. ओसरीला फायरवॉलमधून दोनच पत्ते उघडे : ऑफिसचा प्रिंटर आणि ऑफिसचा स्टोरेज डबा. 'टपाल' नारिंगी, पार्ट्यांचे ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप वेब. चौकटीच्या रंगाचा फायदा असा की खिडक्या एकमेकींवर कितीही पडल्या तरी कोणती कुठल्या खोलीतली ते कडेवरून कळतं, आणि ती कड खोलीतल्या प्रोग्रॅमला रंगवता येत नाही.

देवघर म्हणजे डॉम-झीरो, क्यूब्सची मुख्य सिस्टम. स्क्रीन आणि कीबोर्ड त्याच्या ताब्यात, पण नेटवर्कच नाही. अपडेटसुद्धा दुसऱ्या खोलीमार्फत आणून, सही तपासून घेतो. तिथे कधीही फाइल उघडायची नाही, हे मी स्वतःसाठी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. ताईंना ते लागू नाही कारण त्यांना तिथे जायची गरजच पडणार नाही.

बँकेसाठी 'तिजोरी' करून तिला फक्त बँकेच्या साइटचा पत्ता उघडा ठेवायचा विचार होता. फसला. बँकेचं एक पान उघडायला ते आणखी दहा पत्त्यांवरून सामान आणतं आणि ते पत्ते बदलत राहतात. फायरवॉल नावाने नियम घेते खरी, पण शेवटी अडवते ती आकडी पत्त्यावरून. सोडून दिलं. मामा बँक मोबाइलवरच बघतात.

६ जुलै, रविवार, आषाढी

साबुदाण्याची खिचडी खाऊन चाचणी. ओसरीत पीडीएफ एकत्र जोडणारं एक छोटं साधन परवा बसवलं होतं, आज गायब. पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर आठवलं : या खोल्यांची सिस्टम टेम्प्लेटवरून उसनी येते. खोली बंद झाली की सिस्टममध्ये केलेले बदल पुसले जातात, होम फोल्डर तेवढा टिकतो. साधन बसवायचं ते टेम्प्लेटमध्ये. दोन वर्षांपूर्वी याच चुकीवर वैतागून मी क्यूब्स काढून टाकलं होतं. आज वाटलं, विंडोज असंच रोज सकाळी स्वतःला पुसत असतं तर १४ जूनचा माझा शनिवार वाचला असता.

१२ जुलै, शनिवार

फाइल धुण्याचं काम. क्यूब्समध्ये 'विश्वासू पीडीएफ करा' असा पर्याय येतो आणि त्याची युक्ती मला फार आवडते. संशयी पीडीएफ एका टाकाऊ व्हीएममध्ये जाते. तिथे ती उघडते, पानाचं चित्र बनतं, आणि बाहेर येतात ते नुसते रंगांचे ठिपके : या ठिकाणी लाल इतका, हिरवा इतका, निळा इतका. त्या ठिपक्यांतून इकडे नवी पीडीएफ बनते. मूळ फाइलीत काहीही दडलेलं असो, ठिपक्यांतून ते येऊ शकत नाही. एखाद्याने आणलेली चिठ्ठी हातात न घेता काचेपलीकडे धरायला लावून फोटो काढून घेण्यासारखं.

आणि याच युक्तीने ताईंचं काम अडलं. फॉर्म १६ चा, म्हणजे पगारावरच्या करकपातीच्या दाखल्याचा, फोटो झाला. आता त्यातला आकडा निवडून कॉपी करता येत नाही. "म्हणजे मी हे सगळं हाताने टाइप करू?" चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर जोडून पाहिलं. चौथ्याच पानावर ८ चा ३ केला. करखात्याला पाठवायच्या आकड्यात ८ चा ३! ते साधन तिथल्या तिथे काढलं.

मग तडजोड. पुरावा म्हणून ठेवायचे कागद (बिलं, पावत्या, सातबारा, आधार) ठिपक्यांची पीडीएफ होऊन जातील. बँकेचं स्टेटमेंट एक्सेलमध्ये असेल तर देवडीतच उघडून साध्या सीएसव्हीत जतन, म्हणजे मॅक्रो (फाइलीत दडलेले छोटे प्रोग्रॅम) गळून पडतात. सीएसव्हीतही बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारा रकाना एक्सेल सूत्र समजून चालवतं, तेव्हा तसे रकाने आधीच पकडणारी चार ओळींची स्क्रिप्ट. फॉर्म १६ मधले मोजके आकडे क्लिपबोर्डने.

२० जुलै

जीएसटीच्या ३बी रिटर्नची शेवटची तारीख. हात लावला नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

ताईंची पहिली शिकवणी. पेनड्राइव्ह लावला, वरच्या पट्टीत त्याचं चिन्ह आलं, तो देवडीला जोडून दिला. लाल चौकटीत फोल्डर उघडला. इथवर त्यांना पटलं.

क्लिपबोर्डवर गाडी अडली. एका खोलीतून दुसरीत मजकूर न्यायचा तर चार पायऱ्या : कंट्रोल-सी, मग कंट्रोल-शिफ्ट-सी, दुसऱ्या खिडकीत जाऊन कंट्रोल-शिफ्ट-व्ही, मग कंट्रोल-व्ही. ताईंनी दोनदा केलं, तिसऱ्यांदा हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"हे मुद्दाम आहे," मी म्हटलं. "तुम्ही दाबल्याशिवाय एका खोलीतलं दुसरीला दिसू नये म्हणून."

"मुद्दाम आहे ते कळलं रे. पण एका फॉर्म १६ ला नऊ आकडे लागतात. नऊ चोक छत्तीस."

हिशोब बरोबर होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. नऊ आकडे एकदम निवडून नेण्याची खटपट केली, पण फॉर्म १६ चं कोष्टक निवडलं की आकडे उलटेपालटे येतात.

दुसरी अडचण मी आधीच ओळखायला हवी होती. या ऑफिसात येणाऱ्या अर्ध्याहून जास्त पीडीएफ पासवर्डच्या. एआयएस (करखात्याचं वार्षिक माहितीपत्रक) उघडायचा तर पॅन छोट्या अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख. बँकेचं स्टेटमेंट तर प्रत्येक बँकेच्या वेगळ्या तऱ्हेचं. ठिपके करणारं साधन पासवर्डची फाइल पाहून सरळ हात वर करतं. म्हणून आधी देवडीत पासवर्ड टाकून उघडा, तिथेच 'फाइलमध्ये प्रिंट' करा, ती बिनपासवर्डची प्रत ओसरीला पाठवा, ती आलेल्या फाइलींच्या फोल्डरात शोधा, मग ठिपके, मग डब्यात. सहा पायऱ्या. मी वहीत 'सुधारायचं' असं लिहिलं आणि चहा प्यायला गेलो. हे नीट लक्षात ठेवायला हवं होतं.

१० ऑगस्ट, रविवार

बाकी मशीनांचं काय? तीन विंडोज ११ प्रो आहेत. त्यांत विंडोज सँडबॉक्स मोफत मिळतो. २०१९ च्या मे महिन्यातल्या विंडोज १० आवृत्तीपासून आलाय, होम आवृत्तीत मात्र नाही. तीच टाकाऊ खोलीची कल्पना : कोरं विंडोज उघडतं, बंद केलं की पुसलं जातं. ईमेलने आलेली जोडणी उघडायला ठीक.

पण जसाच्या तसा वापरू नये. मुळात त्याला इंटरनेट चालू असतं आणि क्लिपबोर्ड बाहेरच्या विंडोजशी सामायिक असतो. ताईंनी बाहेर पासवर्ड कॉपी केला की तो सँडबॉक्समधल्या प्रोग्रॅमलाही वाचता येतो. छोट्या सेटिंग फाइलीत दोन्ही बंद केले आणि एकच फोल्डर 'फक्त वाचा' म्हणून जोडून दिला. पेनड्राइव्ह थेट सँडबॉक्सला जोडता येत नाही, तो आधी बाहेरच्या विंडोजलाच लागतो. म्हणजे जिथे खरी भीती, तिथे हा उपयोगाचा नाही. पेनड्राइव्हसाठी देवडीच.

गंमत : एका मशीनवर मी पूर्वी व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी विंडोज ठेवली होती, एका पार्टीच्या पुरातन सॉफ्टवेअरसाठी. सँडबॉक्स चालू केल्यावर ती रांगायला लागली आणि खिडकीच्या तळाशी हिरवं कासव दिसायला लागलं. थट्टा नाही, व्हर्च्युअलबॉक्सवाल्यांनीच ते चिन्ह ठेवलंय : खालचा थर मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरने व्यापला आणि आपल्याला त्याच्या मार्फत जावं लागतंय, याची खूण. ती पार्टी वर्षातून एकदा येते. कासव राहू दे.

मामांच्या मशीनवर पेनड्राइव्ह वाचायची परवानगी विंडोजच्या ग्रुप पॉलिसी या नियमावलीतून काढून घेतली. भीती होती की सहीचं टोकनही अडेल, कारण ते लावल्यावर आधी छोट्या सीडी ड्राइव्हचं रूप घेऊन त्यातून ड्रायव्हर देतं. पण पॉलिसीत सीडी आणि काढता येणाऱ्या डिस्क यांचे नियम वेगवेगळे आहेत, टोकन चाललं. आता टोकन दिवसभर टोचून ठेवायचं नाही, सही झाली की खणात. ताईंच्या मशीनवर ही बंदी घातली नाही. ऐनवेळी अडचण नको म्हणून.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. देवडी चार दिवस बंद.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

रिटर्नची मुदत यंदा ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली होती, त्यामुळे सगळ्या पार्ट्या निवांत राहिल्या आणि आता एकदम आल्या. रात्री नऊला जेवणाचे डबे घेऊन ऑफिसात गेलो. देवडीचं मशीन दाराशी, अंधारात, स्क्रीन झोपलेली. ताईंच्या मशीनच्या पुढच्या पोर्टला एक पेनड्राइव्ह लुकलुकत होता. टेबलावर स्टीलच्या वाटीत आणखी सात. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, नावानिशी. त्यांचं काम किती नेटकं असतं ते त्या वाटीवरून कळत होतं.

मी काही बोललो नाही. त्याच म्हणाल्या, "ओरडू नकोस. दुपारपर्यंत तिकडेच केलं. मग चाळीस फाइली पासवर्डच्या निघाल्या. चाळीस सक दोनशे चाळीस."

मग माझी वहीच उघडली. 'सुधारायचं', २ ऑगस्ट.

१३ सप्टेंबर, शनिवार

सकाळी दोन कामं. पहिलं, स्क्रिप्ट. फाइली निवडायच्या, पासवर्ड एकदा टाकायचा. त्या पार्टीच्या ज्या फाइलींना तो लागू पडेल त्यांचा पासवर्ड देवडीतच उतरतो, ठिपके होतात, ओसरीतून डब्यात जातात. कुलूप काढायला क्यूपीडीएफ हे जुनं, साधं साधन वापरलं. न उघडलेल्या फाइलींची यादी शेवटी. फॉर्म १६ साठी वेगळा पर्याय : मजकूर साध्या अक्षरांत काढायचा आणि ओसरीत दाखवायचा. साध्या अक्षरांच्या फाइलीला मी ठिपक्यांइतकं सोवळं मानत नाही, पण पीडीएफपेक्षा ती फार बरी. नऊ चोक छत्तीस संपले.

दुसरं काम स्क्रिप्टपेक्षा मोठं निघालं. देवडीचं मशीन दाराशी होतं, वाड्याच्या हिशोबाने तिथेच शोभतं म्हणून मी तिथे ठेवलं होतं. ताईंच्या खुर्चीपासून अकरा पावलं, मोजली. प्रत्येक पेनड्राइव्हला उठायचं, जायचं, परत यायचं, आणि मधे मामांना भेटायला आलेल्या माणसांच्या खुर्च्या. मशीन उचलून त्यांच्या डाव्या हाताला आणलं. दोन कीबोर्ड, दोन स्क्रीन, एकच खुर्ची. त्यानंतर त्यांच्या विंडोजवर पेनड्राइव्ह बंद केला. क्रम उलटा केला असता तर मला डबा मिळाला नसता.

कालचे आठही पेनड्राइव्ह देवडीतून परत तपासले. दोन खराब. त्यातला एक काल रात्री ताईंच्या मशीनला लागून गेलेला. दुपार परत विंडोज टाकण्यात गेली, ऐन रिटर्नच्या दिवशी. या वेळी एकच मशीन.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काल रात्री उशिरा मुदत एका दिवसाने वाढली. शेवटचं रिटर्न आज संध्याकाळी गेलं. सगळे कांदाभजी खायला.

२१ सप्टेंबर, रविवार

भज्यांच्या वेळी मामांनी विचारलं होतं, "या तुझ्या भिंती फुटतच नाहीत का?" तेव्हा तोंडात भजी होती. आज वहीत उत्तर लिहून ठेवतो.

फुटतात. २०१५ च्या मे महिन्यात 'व्हेनम' नावाची चूक सापडली. व्हर्च्युअल मशीनला खोटी उपकरणं पुरवणाऱ्या क्यूएमू या सॉफ्टवेअरमध्ये फ्लॉपी ड्राइव्हचा कोड होता, आणि त्यात २००४ पासूनची चूक. फ्लॉपी कोणी वापरत नसलं तरी कोड तिथेच, आणि त्या भोकातून व्हीएमच्या बाहेर पडता येत होतं. पाडलेल्या वाड्याचं मागचं परसदार उघडं राहावं तसं. क्यूब्सला त्याचा धक्का बसला नाही, कारण तिथे क्यूएमूच वेगळ्या छोट्या व्हीएममध्ये कोंडलेलं होतं. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुद्द झेनमध्ये, मेमरी वाटण्याच्या कोडमध्ये चूक निघाली. ती सात वर्षं तिथे होती आणि क्यूब्सलाही लागू होती. २०१८ च्या ४.० आवृत्तीत त्यांनी बहुतेक खोल्यांची बांधणीच बदलली, मेमरीचं राखण प्रोसेसरच्या हार्डवेअरवर सोपवलं. त्याच वर्षी जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या चुका बाहेर आल्या आणि प्रोसेसरही धुतल्या तांदळाचा नाही हे कळलं. क्यूब्स आता हायपरथ्रेडिंग बंदच ठेवतं, म्हणजे दोन खोल्या प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर एकाच वेळी शेजारी बसत नाहीत. एरवी मशीन त्याने थोडं संथ होतं. मात्र या आय-फाइव्हला हायपरथ्रेडिंग मुळातच नाही, गमावलं काही नाही.

म्हणून दर शनिवारी अपडेट. मामांना थोडक्यात सांगेन : भिंत फोडायला कसबी चोर लागतो, उघड्या दारातून भुरटाही येतो. आपल्याकडे आजवर आले ते भुरटेच.

आणि ज्याला भिंतीचा काहीच उपयोग नाही तेही लिहून ठेवतो. गेल्या आठवड्यात एका पार्टीला करखात्याच्या नावाने रिफंडचा मेसेज आला, लिंकसह. त्यांनी ताईंना विचारलं म्हणून वाचले. त्यांनी त्यात स्वतःच्या हाताने खाते क्रमांक भरला असता तर लाल, पिवळी, नारिंगी, कुठलीच चौकट मधे आली नसती.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

ऑफिसात यंत्रांची पूजा. ताईंनी देवडीच्या मशीनला झेंडू वाहिला, टीव्हीएस कीबोर्डला हळद-कुंकू. कुंकू 'स्पेस'च्या फटीत गेलं. ब्रशने काढलं, निघालं नाही सगळं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० चा शेवटचा दिवस. आपल्याकडे ती आता एकाच मशीनवर, हिशोबाच्या जुन्या वह्या पाहण्यापुरती, नेटची वायर काढून ठेवलेली.

दुपारी मी टेम्प्लेट बदलायला बसलो होतो, तेवढ्यात जूनमधले दिंडोरीचे काका आले. तोच पेनड्राइव्ह, तीच निळी टोपी. ताईंनी न बोलता डावीकडे वळून लावला. लाल चौकट, आणि आत ओळीने बाणवाले फोल्डर. काकांना स्क्रीन फिरवून दाखवली. "हे बघा, हे तुमचे फोल्डर नाहीत, सोंगं आहेत. खरे मागे लपलेत." लपलेली बिलं वर काढली, ठिपके करून डब्यात टाकली, खिडकी बंद केली. लाल चौकट गेली.

काका म्हणाले, "म्हणजे साफ झाला ना पेनड्राइव्ह?"

"आमचं मशीन साफ राहिलं काका. पेनड्राइव्ह आहे तसाच आहे. मी फॉरमॅट करून देते, पण आतलं सगळं जाईल. चालेल?"

आत मुलीच्या साखरपुड्याचे फोटो होते. काकांनी विचार केला आणि नको म्हणाले. घरी जाऊन बघतो. पेनड्राइव्ह खिशात घातला, बिलांच्या प्रिंट मागितल्या. आमच्या प्रिंटरचं टोनर सकाळीच संपलेलं. ताई म्हणाल्या, चार वाजता येतंय, थांबा. काका घड्याळाकडे बघून म्हणाले, "नको, सीबीएसला चारची गाडी आहे. समोर झेरॉक्सवाल्याकडे काढून घेतो."